पट्टीवर रोज दोन रेघा, तरी दिवस का राहत नाहीत?

दुसऱ्या बाळासाठी बीज सुटण्याचे दिवस कसे धरायचे, या प्रश्नांत तेच गैरसमज परत परत दिसतात. म्हणून चार उत्तरं एकत्र.

बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पाळी सुरू झालेली नाही. दिवस राहू शकतात का? (जुळे सोलापूर)

हो. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते.

पाळी 33 ते 36 दिवसांनी येते. मेडिकलमधून आणलेल्या, बीज सुटण्याचे दिवस ओळखायच्या लघवीच्या पट्टीवर रोज दोन रेघा दिसतात. दोन महिने झाले, काही नाही. (अशोक चौक)

पट्टी ज्यावर चालते ते, बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच हार्मोन अंगात थोडं कायमच असतं, म्हणून फिकी रेघ येतेच. चाचणीची रेघ कंट्रोलच्या (पट्टी नीट चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच धरायची. काउंटरवर सर्रास ‘अकराव्या दिवसापासून बघा’ म्हणून पाकीट हातात देतात. अहो, ते 28 दिवसांच्या पाळीचं गणित! तुमच्या सर्वांत लहान चक्रातून, म्हणजे 33 मधून, 17 वजा करा. पाळीच्या 16व्या दिवसापासून सुरुवात. वेळ रोज एकच ठेवा. आधी दोन तास लघवीला जायचं नाही, पाणीही बेतानं. सोलापूरच्या मे महिन्यात तांब्यामागून तांब्या पाणी पोटात जातं, लघवी पातळ होते आणि गडद यायची रेघ फिकी येते. निकाल पाकिटावर दिलेल्या मिनिटांतच वाचा. कचऱ्यातून तासाभरानं काढून पाहिलेली रेघ धरू नका.

रेघ गडद झाल्यावर साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं आणि जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून पट्टीची वाट पाहत बसू नका. अंगावरून जाणारं पांढरं अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की एक दिवसाआड संबंध ठेवा. रेघ बरेच दिवस गडदच राहिली तर पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा बीजकोशाचा विकार) असू शकतो. तेव्हा नवीन पाकीट आणू नका, सोनोग्राफीसाठी डॉक्टरांकडे जा.

बाळ रात्री तीनदा उठवतं. बीज कधी सुटतं ते कळायला सकाळचं अंगाचं तापमान मोजू का?

नको. सलग तीन तास झोप नसेल तर आकडा भरवशाचा नाही. शिवाय तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर.

सिझरला 10 महिने झाले. घरचे म्हणतात, दूध तोड म्हणजे लवकर राहील. (अक्कलकोट रोड)

दूध तोडू नका. पाळी नियमित असेल तर पाजतानाही दिवस राहतात. इथे काळजी गर्भाशयावरच्या टाक्याची आहे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर 24 महिने थांबायला सांगते. सिझरनंतर घाई केली तर पुढच्या वेळी कळांमध्ये टाका उसवण्याचा धोका वाढतो. वय 35 च्या पुढे असेल तर किती थांबायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा, आणि प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी त्यांच्याकडून लिहून घ्या.