मिक्सर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. तीन कंपन्यांचे तीन डिजिटल मिक्सर (माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणारी यंत्रे) आणि प्रत्येकापुढे चॅनेल (आवाज आत येण्याच्या वाटा), बस (आवाज एकत्र करून बाहेर नेणाऱ्या वाटा), इफेक्ट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) असे रकाने; काम चोख झाले आहे. अडचण एवढीच की या रकान्यांत तिन्ही मिक्सर जवळजवळ सारखे दिसतात. कंपन्यांची स्पर्धाच अशी झाली आहे की ते सारखे दिसावेत. ज्या बाबतीत ते खरोखर वेगळे आहेत, त्यासाठी तुझ्या तक्त्यात रकानाच नाही.

ही स्पर्धा जुनी आहे. यामाहाने 1994 मध्ये प्रोमिक्स 01 आणला, तेव्हा आपोआप सरकणारे फेडर (आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या) लहान स्टुडिओच्या आवाक्यात प्रथमच आले. लाइव्ह ध्वनीच्या कामात मात्र स्वस्त मिक्सरकडून बराच काळ तडजोडच पदरी पडत असे. 2009 च्या प्रीसोनस स्टुडिओलाइव्ह 16.4.2 मध्ये सीन, म्हणजे जपून ठेवलेली सगळी मांडणी, परत बोलावता येई, पण फेडर जागचे हलत नसत. दिव्यांवर जुनी जागा बघत ते एकेक करून हाताने जुळवावे लागत. त्याच वर्षाच्या अखेरीस बेहरिंगरच्या मूळ कंपनीने मायडास आणि क्लार्क टेक्निक ही ध्वनियंत्रांची नावाजलेली घराणी विकत घेतली, आणि 2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स 32 जाहीर झाला. मायडासच्या आराखड्यावर बेतलेले 32 प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) आणि मोटरवर चालणारे 25 फेडर इतक्या कमी किमतीला मिळतील असे कुणाला वाटले नव्हते. पुढच्याच वर्षी ॲलन अँड हीथने क्यू-16 आणला, यामाहाची टीएफ मालिका 2015 मध्ये आली, आणि 2017 च्या स्टुडिओलाइव्हच्या तिसऱ्या मालिकेत फेडर अखेर स्वतःहून सरकू लागले. एकाने दिलेली सोय दुसऱ्याला द्यावीच लागली. त्यामुळे आज तुझ्या यादीतला कोणताही मिक्सर ध्वनीच्या दर्जात तुला तोंडघशी पाडणार नाही. कार्यक्रम बिघडलाच, तर तो बहुधा माइकच्या जागेमुळे किंवा गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) चुकीचा लावल्यामुळे बिघडेल.

सॅम्पल रेटच्या रकान्यात 96 किलोहर्ट्झपाशी तू लाल खूण केली आहेस, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. 48 किलोहर्ट्झवर 24 किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपता येतो आणि माणसाचा कान 20 च्या पलीकडे जात नाही. दुप्पट दराचा खरा फायदा विलंब, म्हणजे आवाज मिक्सरमधून बाहेर पडायला लागणारा वेळ, कमी होण्यात आहे. पण एक्स 32 चा विलंबही एक मिलिसेकंदाच्या आतच आहे, आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. गायक मॉनिटरपासून (त्याला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरपासून) अर्धे पाऊल मागे सरकला, तरी याहून जास्त फरक पडतो. कानात इन-इअर घालून गाणाऱ्याला काही मिलिसेकंदांचा विलंब नक्की खटकतो, पण तिथे आधी डिजिटल वायरलेस माइकचा हिशेब कर, कारण सहसा सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच असतो.

आता तक्त्यात नसलेल्या गोष्टीकडे येतो. मिक्सरच्या मागच्या बाजूला असलेले नेटवर्कचे पोर्ट नीट बघ, कारण मिक्सर बदलता येतो, पण त्याभोवती जमवलेले स्टेजबॉक्स (रंगमंचावर माइक जोडायच्या पेट्या) आणि कार्डे सहजासहजी बदलता येत नाहीत. एक्स 32 आणि त्याच्या भावंडांमध्ये एईएस 50 ही आवाज वाहून नेणारी जोडणी आहे. एका केबलमधून दोन्ही दिशांना 48-48 चॅनेल जातात, पण ती जोडणी थेट यंत्रापासून यंत्रापर्यंतच हवी. घरगुती नेटवर्कचा स्विच मध्ये घातलेला चालत नाही, आणि केबल शिल्डेड (आतून धातूचे आवरण असलेली) व धातूच्या कनेक्टरची नसेल तर स्थिर विजेच्या झटक्याने आवाज तुटू शकतो. डान्टे हे आवाज वाहून नेणारे दुसरे तंत्र नेहमीच्या नेटवर्क स्विचवर चालते आणि अनेक कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडते, पण ते प्रत्येक स्वस्त मिक्सरमध्ये नसते. यामाहाचा डीएम 3 दोन रूपांत मिळतो आणि त्यांतल्या ‘स्टँडर्ड’मध्ये डान्टे नाही. आज थोडे वाचवून तू उद्याचा रस्ता बंद करत नाहीस ना, एवढे तपास. यंत्र स्वस्त देऊन ग्राहकाला आपल्या गोतावळ्यात बांधून ठेवणे हीही स्पर्धेचीच एक चाल आहे. तिला मी लबाडी म्हणत नाही, पण ती ओळखता आली पाहिजे.

दुसऱ्याच्या यंत्रावर विसंबलेल्या मिक्सरबद्दल मी जास्तच सावध आहे. मॅकीच्या डीएल 1608 मध्ये आयपॅड थेट बसवायची जागा होती, कल्पना देखणी होती. पण तो बाजारात आला त्याच वर्षी, 2012 मध्ये, ॲपलने आपला कनेक्टरच बदलला आणि कंपनीला नव्या कनेक्टरची आवृत्ती काढावी लागली. माझ्यावर वेगळाच प्रसंग ओढवला. फेडर नसलेला, फक्त टॅबवरून चालणारा मिक्सर घेऊन मी एका मैफलीला गेलो होतो. रिकाम्या सभागृहात साउंड चेक सुरळीत झाला; सभागृह भरले, शेकडो मोबाइल वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर बोलू लागले आणि माझा टॅब मिक्सरला सापडेना. मॉनिटर शिट्टी मारत होता आणि मी हातात काच धरून उभा होतो. दोष मिक्सरचा नव्हता. 5 गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर आणि एक पर्यायी केबल मी सोबत न्यायला हवी होती. तरीही तेव्हापासून निदान मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, एक खरा फेडर बोटाखाली असावा, असा माझा हट्ट आहे.

तेव्हा तिन्हींपैकी प्रत्येक मिक्सर एकेक दिवस भाड्याने आण आणि स्वतःला एकच काम दे: तिसऱ्या गायकाच्या मॉनिटरमध्ये फक्त त्याचाच आवाज वाढवायचा. किती बटणे दाबावी लागली आणि चुकून दुसऱ्याच बसवर हात गेला का, हे लिहून ठेव. मग चालू कार्यक्रमात वीज गेली असे समजून मिक्सर बंद करून पुन्हा सुरू कर. आवाज परत यायला किती सेकंद लागतात ते मोज आणि सेटिंग जसेच्या तसे आले का तेही पाहा. दुरुस्ती कुठे होते आणि तोवर बदली यंत्र मिळते का, हे विक्रेत्याला लेखी विचार. ही उत्तरे नव्या रकान्यांत भर आणि तक्ता पुन्हा माझ्याकडे पाठव.

तुझा,
एक जुना ध्वनिसंयोजक