वाचकांचे प्रश्न : राज्याची मदत येते, तरी पोलीस पेन्शनचा भार आमच्यावर का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका छोट्या बरोत (स्वतःचं कौन्सिल असलेल्या लहान शहरात) राहतो. पूर्णवेळ पोलीस सहा, पेन्शन योजनेतले इतर कर्मचारी चार. पेन्शनसाठी राज्य दरवर्षी पैसे देतं, असं कौन्सिलच्या सभेत सांगतात. तरी अंदाजपत्रकात पोलीस पेन्शनची वेगळी तरतूद असतेच. मग ती मदत जाते कुठे?

उत्तर : योजनेतच जाते. घोळ होतो तो मदतीला वरकमाई समजल्यामुळे. १९८४ च्या कायदा २०५ नुसार आधी ठरतो तो बरोने वर्षाला भरायचाच किमान हप्ता. त्याला तिथे ‘एमएमओ’ म्हणतात. ॲक्च्युअरीच्या (पेन्शनच्या भावी खर्चाचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाच्या) ताज्या अहवालातून चालू वर्षाच्या सेवेचा खर्च घ्यायचा, त्यात प्रशासकीय खर्च आणि जुनी तूट फेडण्याचा हप्ता मिळवायचा, पोलिसांच्या पगारातून होणारी कपात वजा करायची. उरेल तो आकडा पुढच्या वर्षासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत कौन्सिलपुढे ठेवावा लागतो. राज्याची मदत हा हप्ता भरायला वापरतात. कमी पडेल ते सर्वसाधारण निधीतून, म्हणजे शेवटी तुमच्या करातून.

मदतीचा पैसा मुख्यतः परराज्यातल्या विमा कंपन्यांच्या प्रीमियमवरच्या २ टक्के करातून येतो. वाटप युनिटवर होतं : पोलीस किंवा पगारी अग्निशामक म्हणजे दोन युनिट, इतर कर्मचारी एक. तुमची युनिटं झाली १६. युनिटचा भाव ५,००० डॉलर धरू (हा आकडा फक्त हिशेबापुरता, खरा भाव दरवर्षी बदलतो). मदत ८०,००० डॉलर. बरोचा पेन्शनखर्च १,१०,००० असेल तर ३०,००० बरोने घालायचे. खर्च ६०,००० च असेल तर मदतही ६०,००० च. उरलेले २०,००० पदरात पडत नाहीत. दोन्हींतली कमी रक्कम, हा नियम.

प्रश्न : मग बरोच्या चुका कुठे होतात?

उत्तर : सगळ्यात जास्त युनिट मोजताना. ३१ मार्चपर्यंत ‘एजी ३८५’ हा फॉर्म ऑडिटर जनरलकडे, म्हणजे राज्याच्या लेखापरीक्षकाकडे, जातो. त्यात आठवड्याला किमान ३५ तास काम करणारे आणि आधीच्या वर्षात सलग सहा महिने नोकरीत असलेलेच धरता येतात. नोव्हेंबरात रुजू झालेला पोलीस चुकून धरला, की दोन युनिट जास्त. ऑडिटमध्ये ते सापडतं आणि जादा रक्कम व्याजासह परत करावी लागते. वेतनपट समोर ठेवून रुजू होण्याच्या तारखा तपासल्या तर हे टळतं. कंटाळवाणं काम आहे, पण इथे आळस महागात पडतो.

दुसरी चूक पैसे पडून ठेवण्याची. मदत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती पेन्शन निधीत जमा झाली पाहिजे. बरोच्या चालू खात्यात महिनोन्‌महिने ठेवायची नाही. संपूर्ण हप्त्याची मुदत मात्र ३१ डिसेंबर. काही थकलं तर ते पुढच्या वर्षाच्या हप्त्यात चढतं, आणि व्याज मोजतात हप्ता ज्या वर्षी देय होता त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून.

आणखी एक. तीन किंवा जास्त पूर्णवेळ पोलीस असलेल्या बरोला १९५६ चा कायदा ६०० लागू होतो. त्यात पोलिसांची पगारकपात कमी किंवा माफ करता येते, पण त्यासाठी दरवर्षी कौन्सिलचा नवा ठराव किंवा स्थानिक कायदा (ऑर्डिनन्स) लागतो. मागच्या वर्षीच्या ठरावावर भागवलं, तर ऑडिटमध्ये शेरा ठरलेला.

कौन्सिलच्या पुढच्या सभेत दोनच कागद मागा : सप्टेंबरात मांडलेला हप्त्याचा तक्ता आणि मार्चमध्ये पाठवलेल्या फॉर्मची प्रत. राज्याने किती दिलं आणि बरोने किती घातलं, हे दोन्ही ताडून कळेल.