गॉडझिला मायनस झिरोमध्ये समोर कोणता मॉन्स्टर येईल? आणि मायनस वन न पाहता चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. नाही चालणार. २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’ हा याचा आधीचा भाग, तो आधी पाहा, आणि पाहिला नसेल तर भाऊ इथेच थांबा, कारण खाली मी शेवटापर्यंत सगळं सांगून टाकणार आहे आणि तो शेवट आधी कळला तर निम्मी मजा गेली.

आता मॉन्स्टरचं. नाव जाहीर झाल्यापासून आमच्या नागपूरच्या ग्रुपमध्ये हाच विषय चालू आहे, धरमपेठेत चहाला जमलो की तीन डोक्यांचा उडणारा गिडोरा की झाडासारखा बायोलांटे (दोन्ही गॉडझिलाचे जुने मॉन्स्टर) यावरून लोकं अक्षरशः भांडून राहिले. त्यात अर्ध्या जणांना वाटते की हा काँगवाला पिक्चर आहे. तो वेगळा, ‘गॉडझिला एक्स काँग: सुपरनोव्हा’, अमेरिकन, ग्रँट स्पुटोर डायरेक्टर, २६ मार्च २०२७ ची तारीख. मायनस झिरो जपानच्या तोहो कंपनीचा, ताकाशी यामाझाकीचा, जपानमध्ये ३ नोव्हेंबर २०२६ ला येतो (१९५४ चा पहिला गॉडझिला याच तारखेला लागला होता) आणि अमेरिकेत ६ नोव्हेंबरला. दोन्हीच्या स्टोरीचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

थिअऱ्या तीन जोरात आहेत आणि तिन्हीत थोडा थोडा दम आहे हे मान्य करतो. गिडोरावाले म्हणतात की यामाझाकीने २०२१ मध्ये जपानमधल्या सेइबुएन पार्कसाठी गॉडझिलाची राइड बनवली होती आणि त्यात समोर किंग गिडोराच होता, म्हणजे त्याला तो आवडते. अँगिरसवाल्यांचा हिशोब असा की १९५५ च्या दुसऱ्याच पिक्चरमध्ये गॉडझिलासमोर पहिल्यांदा अँगिरस आला, मग यामाझाकीच्या दुसऱ्या पिक्चरमध्येही तोच. बायोलांटेची थिअरी मला यात सगळ्यात जवळची वाटते, कारण १९८९ च्या त्या पिक्चरमध्ये गॉडझिलाच्या पेशी, गुलाबाचं झाड आणि एका शास्त्रज्ञाच्या मेलेल्या मुलीच्या पेशी असं सगळं एकत्र होऊन तो प्राणी तयार होतो, आणि मायनस वनच्या शेवटी नोरिकोच्या (हिरो कोइचीसोबत राहणारी) मानेवर जे दिसते ते पाहिलं की माणसाला तेच आठवते.

तो शॉट तुम्ही पाहिलाच असेल. हॉस्पिटलमध्ये नोरिको पट्ट्या बांधून बसली आहे, कोइची येऊन तिला बिलगतो, आपण सगळे रडण्याच्या मूडमध्ये, आणि तिच्या मानेवर एक काळा डाग असतो जो हळूच वर सरकतो. पहिल्यांदा पाहताना बऱ्याच जणांच्या तो लक्षातच येत नाही. आम्ही मित्राच्या रूमवर लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल करून तेवढाच तुकडा मागेपुढे करून पाहिला, आणि तो डाग सावली वगैरे काही नाही, तो खरंच सरकतो. त्यानंतर लगेच समुद्राच्या तळाशी जाणारा गॉडझिलाच्या मांसाचा तुकडा, तो परत फुगायला लागलेला. ज्या डायरेक्टरने हे दोन शॉट पाठोपाठ लावले त्याला पुढची गोष्ट कुठून सुरू करायची हे माहीत आहे असं मला वाटते, आणि ती आकाशातून येणाऱ्या तीन डोक्यांपासून सुरू होत नाही.

म्हणून माझं मत असं की कोणता मॉन्स्टर येणार हा मुख्य प्रश्नच नाही, यावेळी लढणार कोण हा आहे. मायनस वनची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९४७ पर्यंतच्या जपानमधली, त्यात सरकार हात वर करते, अमेरिकन लोक रशियाशी बिनसेल म्हणून मदत करत नाहीत, आणि शेवटी जुने नौदलवाले, माइन काढणारे, टग बोटवाले अशी साधी माणसं उरलेली जहाजं घेऊन जातात. त्यातलं युकिकाझे हे खरं जहाज आहे, पूर्ण युद्धातून वाचलेलं, आणि खऱ्या इतिहासात १९४७ च्या जुलैमध्ये ते नुकसानभरपाई म्हणून चीनला देऊन टाकलं. ताकाओ, जे पिक्चरमध्ये गॉडझिला फोडतो, तेही खरं, १९४६ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत बुडवून टाकलेलं. यामाझाकी इतिहासाची अशी खरी हाडं घेऊन त्यावर मांस चढवतो. मग १९४७ च्या पुढे गोष्ट न्यायची तर जहाजंही गेली, नव्या राज्यघटनेच्या कलम ९ मुळे सैन्य नाही, आणि १९५२ च्या एप्रिलपर्यंत देश अमेरिकेच्या ताब्यात. एकदा जिवावर उदार होऊन जिंकलेल्या लोकांना परत जायला सांगायचं, तेही रिकाम्या हाताने. मला तरी यापेक्षा मोठा व्हिलन दिसत नाही.

आणि नोरिको. इथे माझी स्वतःची थिअरी सांगतो, ग्रुपमध्ये अजून कोणाला पटली नाही पण मी सोडणार नाही. १९४७ पासून हिरोशिमात अमेरिकेचं एक कमिशन काम करत होतं, अणुबॉम्बमधून वाचलेल्या लोकांना तपासायचं, रक्त घ्यायचं, फोटो काढायचे, नोंदी ठेवायच्या, पण उपचार करायचे नाहीत. वाचलेल्या लोकांना याचा राग होता आणि तो जपानमध्ये आजही लोकांना आठवते. आता विचार करा, टोकियोच्या गिंझा भागात गॉडझिलाचा तो स्फोट खाऊन जिवंत राहिलेली बाई, अंगात काहीतरी हलणारं, आणि ही गोष्ट अमेरिकन डॉक्टरांच्या कानावर गेली. तिला बरं करायचं की तिचा अभ्यास करायचा? कोइचीने पहिल्या पिक्चरमध्ये जगायचं ठरवलं ते तिच्यासाठी आणि दोघांनी सांभाळलेल्या छोट्या अकिकोसाठी, दुसऱ्यात त्याला तिच्यासाठी कोणाकोणाशी भांडावं लागेल ते बघायचं आहे मला. बायोलांटेसारखं काही आलंच तर ते इथून यावं, म्हणजे त्याला काही अर्थ राहील.

तरीपण दुसरा मॉन्स्टर आला तर मी नाराज होणार नाही हेही सांगतो. ज्या टीममध्ये इफेक्टवाले जेमतेम ३५ जण होते, ज्यांनी ६१० शॉट केले आणि दीड कोटी डॉलरच्या आतल्या बजेटमध्ये २०२४ चं ऑस्कर नेलं, त्यांच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. गिंझाचा सीन आठवा ना, शेपटीपासून एकेक काटा खटाखट बाहेर येतो, निळा उजेड वर चढत जातो, मग सगळे काटे एकदम आत आणि एक क्षण पूर्ण शांतता. ही माणसं गिडोरा कसा करतील हा विचार माझ्याही डोक्यात येतोच.

तुम्ही विचारलं नाही पण नागपूरवाले असाल तर कामाची गोष्ट. ६ नोव्हेंबरला शुक्रवार आहे आणि धनत्रयोदशी आहे, ८ ला लक्ष्मीपूजन. दिवाळीला ‘रामायण’चा पहिला भाग जाहीर झालेला आहे, म्हणजे त्याच आठवड्यात मायनस झिरो इथे लागला तर बर्डीपासून सदरपर्यंत कोणत्या थिएटरवाल्याला जपानी पिक्चरसाठी स्क्रीन मोकळा ठेवावा वाटेल सांगा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेअर’ आला तेव्हा हिंदीसकट पाच भाषांत आला होता आणि पोरांनी हॉल भरले होते, त्यामुळे जपानी पिक्चर इकडे चालत नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. पण असे पिक्चर एक आठवडा टिकतात, रात्री उशिराचा एखादा शो उरतो आणि मग गायब. रिव्ह्यू वाचून ठरवू म्हणाल तर पिक्चर उतरलेला असेल, बुकिंग उघडल्या उघडल्या तिकीट काढा. हिंदी डब मिळाला तर लहान भावंडांना घेऊन जा, पण जमलं तर एकदा जपानीतच सबटायटल लावून पाहा, कोइची झालेल्या र्‍युनोसुके कामिकीचा तो काळ्या पावसातला ओरडा डबमध्ये तसा येत नाही.

आणि नोरिकोवाल्या थिअरीवर तुमचं काय मत आहे ते खाली नक्की लिहा, फक्त ज्यांनी मायनस वन पाहिला नाही त्यांच्यासाठी वर स्पॉयलर लिहून मग लिहा.