रायझन १२०० च्या जागी ५६०० : जुना बोर्ड चालेल का?

तुमचा प्रश्न असा: २०१७ चा बी३५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्ड, त्यावर रायझन ३ १२०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ साठी प्रोसेसर बदलायचा आहे आणि दुकानदार म्हणतो, "बोर्ड जुना झाला, सगळंच बदलावं लागेल."

सगळं बदलायची गरज बहुधा पडणार नाही. बी३५० च्या बऱ्याच बोर्डांवर रायझन ५ ५६०० व्यवस्थित चालतो. मात्र क्रम चुकला तर नवा प्रोसेसर बसवूनही स्क्रीन काळीच राहते, म्हणून हे सविस्तर.

सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळला की प्रोसेसर चालतो, हा समज आधी सोडा. इंटेलचा एच११० बोर्ड घ्या. त्यावर सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर चालतात. आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेटही ११५१ पिनांचाच, त्यामुळे आय५ ९४००एफ त्यात बसतो. पण पिनांची विद्युत जोडणी बदलल्यामुळे कंपनीचा कोणताही बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) टाकला तरी तो सुरू होत नाही. तिथे दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत सॉकेट तोच राहिला. २०२० मध्ये ५००० मालिका आली तेव्हा ३०० मालिकेचे चिपसेट (ए३२०, बी३५०, एक्स३७०) तिच्यातून वगळले होते. २०२२ मध्ये एएमडीने त्यांनाही परवानगी दिली. म्हणजे अडचण पिनांची नाही, बायोसची आहे.

पहिलं काम: बोर्डचं नेमकं मॉडेल शोधा. सीपीयू-झेड (मशीनच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून 'मेनबोर्ड'मध्ये मॉडेल आणि बायोसची आवृत्ती पाहा. बोर्डच्या कडेला छापलेला रिव्हिजन क्रमांकही पाहा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात. मग कंपनीच्या साइटवर त्या बोर्डची प्रोसेसरची यादी उघडा. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर 'या आवृत्तीपासून पुढे' असं लिहिलेलं असतं. ५६०० समोर आवृत्ती दिसली तरच प्रोसेसर विकत घ्या. ५००० मालिकेचं नावच नसेल तर ३६०० शोधा. तो बऱ्याच जुन्या बोर्डांच्या यादीत असतो आणि विंडोज ११ च्या यादीतही आहे. तुमचा १२०० त्या यादीत नाही. २२००जी आणि २४००जीसुद्धा नाहीत, नावात २००० असलं तरी त्यांची रचना पहिल्या पिढीची आहे.

आता बायोस. नवा प्रोसेसर बसवून मग बायोस अपडेट करू, असं कधीही करू नका. जुना बायोस ५६०० ला ओळखत नाही, त्यामुळे स्क्रीनवर काहीच येणार नाही आणि अपडेट करायला वाटच उरणार नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं फ्लॅशबॅक बटण असतं, पण बी३५० मध्ये ते क्वचितच. म्हणून १२०० जागेवर असतानाच अपडेट करायचा.

त्यात एक मेख आहे. या काळातल्या बऱ्याच बोर्डांची बायोस चिप फक्त १६ एमबीची आहे. सगळ्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावत नाही, म्हणून कंपन्यांनी नव्या बायोसमधून जुन्या ए-सीरीजच्या प्रोसेसरांचा कोड काढला, कुठे रंगीत मेनू साधा केला. काही आवृत्त्यांखाली 'पहिल्या पिढीचा रायझन असेल तर ही टाकू नका' अशी स्पष्ट सूचना असते, आणि पुष्कळदा मागच्या आवृत्तीवर परतही जाता येत नाही. म्हणून नवा प्रोसेसर हातात आल्यावरच अपडेट करा आणि लगेच प्रोसेसर बदला. शिवाय फार जुन्या बायोसवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारू नका. मधली एखादी आवृत्ती आधी टाकणं सक्तीचं असेल तर ते त्या फाइलच्या माहितीत लिहिलेलं असतं. ती माहिती शेवटपर्यंत वाचा.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल अनझिप करून फोल्डरबाहेर ठेवा. विंडोजमधून अपडेट करू नका. बायोसमध्ये जाऊन तिथलीच सोय वापरा (एएसयूएसमध्ये ईझी फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश). यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी खरोखर धरते का ते आधी तपासा. मध्येच लाइट गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते आणि बोर्ड उठत नाही. तसं झालंच तर बोर्ड फेकू नका. चिप-लेव्हल दुरुस्ती करणारे प्रोग्रामर (चिपवर लिहायचं यंत्र) लावून ती पुन्हा लिहून देतात. फक्त चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ ची, हे बघायला सांगा. चुकीच्या व्होल्टेजने ती जळते.

प्रोसेसर काढण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असल्यास ते थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या चाव्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येऊ शकतो. वाय दाबलं की जुन्या चाव्या पुसल्या जातात. रिकव्हरी की जवळ असेल तर बिनधास्त दाबा, नसेल तर ड्राइव्हमधला डेटा कायमचा कुलूपबंद होईल.

काढतानाचा धोका यांत्रिक आहे. एएम४ मध्ये पिना सॉकेटला नसून प्रोसेसरला असतात, आणि सहा-सात वर्षांत थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी चिकटते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. १०-१५ मिनिटं काहीतरी जड काम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवा. सुटल्याचं जाणवलं की उचला. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने आत बसायला हवा, दाबावा लागला तर काहीतरी चुकतंय.

पहिल्यांदा सुरू करताना मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं, कारण रॅम नव्याने जुळवली जाते. काही मिनिटं हात लावू नका. तरी काहीच आलं नाही तर प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, आणि एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सेटिंग) पुन्हा चालू करा. अपडेटनंतर ते बंद पडतं आणि रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडते. ८ जीबीची दुसरी रॅम लावलीत तर दोन्ही दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवा.

विंडोज ११ साठी डिस्क जीपीटी प्रकारची (विभागणीच्या नव्या पद्धतीची) हवी. जुनं विंडोज लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल तर आधी बॅकअप, मग विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने रूपांतर, आणि त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद. क्रम उलटा केलात तर विंडोज उघडणार नाही.

प्रोसेसर निवडताना ५५०० आणि ५६०० मध्ये गल्लत करू नका. ५५०० ची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. गेममध्ये हा फरक कळतो. दोघांतही अंगचं ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे कार्ड आहे म्हणून ठीक. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ५६००जी घ्यावा.

१०५ वॉटचे प्रोसेसर (५८००एक्स, ५८००एक्स३डी) मात्र स्वस्त बी३५० किंवा ए३२० वर टाकू नका. १०५ हा फक्त छापलेला आकडा आहे, प्रत्यक्षात ते १४२ वॉटपर्यंत ओढू शकतात. प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, हीटसिंक नसेल तर तो तापतो आणि सलग कामात वेग कोसळतो. ६५ वॉटचा ५६०० किंवा आठ कोअर हवे असतील तर ५७००एक्स, इथे थांबा. ५७००एक्ससोबत कूलर येत नाही, तो खर्च धरा.

बोर्डचा पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड जोडायचा स्लॉट) ३.० च राहील. बहुतेक ग्राफिक्स कार्डांना त्याने फारसा फरक पडत नाही. पण पुढे कार्ड बदलायचं झालं तर आरएक्स ६४०० आणि ६५००एक्सटी टाळा. त्यांना चारच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत आणि ३.० वर त्यांची चांगलीच दमछाक होते.

बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि सध्याची बायोस आवृत्ती कळवा, म्हणजे मधली कोणती फाइल लागेल ते नेमकं सांगता येईल.