कर्ज फिटलं, आता पुढे काय?

या महिन्यात तीन पत्रं घेतलीयत. वयं वेगळी, गावं वेगळी, पण दुखणं साधारण एकच आहे म्हणून एकत्र. पहिलं पत्र मोठं आहे, थोडं कापलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४३, पुण्यात आयटीमध्ये आहे, मूळ गाव जिंतूर तालुक्यात. वडील एसटीत कंडक्टर होते, पैसा म्हटलं की घरात कायम टेन्शन, म्हणून मी ठरवलेलं की आपल्या घरात पैशावरून भांडण होऊ द्यायचं नाही. झालं तसं. वाकडला टू बीएचके आहे, मार्चमध्ये लोन क्लोज झालं, बँकेतून कागद आणले, पेढे वाटले आणि रात्री झोपच लागेना. आता पुढे काय? सकाळी लॅपटॉप उघडायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. अमेरिकेतल्या कुठल्यातरी इन्शुरन्स कंपनीचे रिपोर्ट दोन सेकंद लवकर उघडावेत म्हणून आमची अख्खी टीम झटतेय, कोणाला काय फरक पडतो कळत नाही. मागच्या वर्षी सोसायटीतल्या वॉचमन मामांच्या मुलाचा स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरून, सारखा परत येत होता. मी बसलो त्याच्यासोबत. उत्पन्नाचा दाखला जुना होता तो तहसीलमधून नवीन काढायला लावला, मग कळलं की त्याचं आधार भलत्याच बँकेच्या जुन्या झिरो बॅलन्स खात्याला जोडलेलंय, ते शोधलं, बदलून घेतलं. पैसे जमा झाले तेव्हा पोरगा मेसेज दाखवायला घरी आला. तसं समाधान मला प्रमोशनलाही झालं नव्हतं खरं सांगतो. आता वाटतं नोकरी सोडून गावाकडे काहीतरी समाजोपयोगी करावं. बायको पतसंस्थेत आहे, ती म्हणते हे पोट भरलेल्यांचे चोचले. मुलगी नववीत. माझा पर्पज शोधायला नोकरी सोडू का?

उत्तर : नका सोडू. निदान आत्ता तरी नका.

वहिनींचं अर्धं बरोबर आहे. पोट भरल्यावरच हे प्रश्न पडतात, तुमच्या वडिलांना डबल ड्युटीत असले विचार करायला वेळ कुठे होता. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, उशिरा आला इतकंच. वीस वर्षं 'लोन फेडायचं' हाच तुमचा पर्पज होता आणि तो फक्कड चालला, रोज सकाळी उठवत होता. मार्चमध्ये तो संपला. त्यामुळे झोप उडणारच होती, यात तुमचं काही बिघडलंय असं अजिबात समजू नका.

आता नोकरी सोडण्याचं. सोशल मीडियावर 'लाखोंचं पॅकेज सोडून' अशी सुरुवात असलेल्या पोस्टी तुम्हीही वाचत असणार, मला तर दिवसाआड कोणीतरी फॉरवर्ड करतं. त्यात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे त्या काळात घरात पगार कोणाचा येत होता. मला कुणी ध्येयवेडा माणूस सांगितला की मी आधी तेच शोधते, सवय लागलीय म्हणा. धोंडो केशव कर्वे घ्या. विधवांसाठी आश्रम काढला १८९६ साली, पुढे तो हिंगण्याला माळरानावर नेला, आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले होते १८९१ पासून, ते थेट १९१४ पर्यंत शिकवत होते. म्हणजे आश्रम सुरू झाल्यावरही अठरा वर्षं नोकरी चालूच. कॉलेज आणि हिंगणं अशी पायपीट करायची, सुट्टीत वर्गणी मागत फिरायचं. महिला विद्यापीठ काढलं तेव्हा १९१६ साल होतं. त्यांना कोणी विचारलं नाही की अहो नोकरी करताय मग तुमची पॅशन खरी कशी.

आता त्यांचाच मुलगा, र. धों. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजमधली नोकरी गेली, १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं, कोर्टकज्जे सोसून. त्या काळात घर चालवायला त्यांच्या पत्नी मालतीबाई कर्वे नोकरी करत होत्या. लेखक अनिल अवचट गावोगाव हिंडून लिहू शकले कारण त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदाबाई येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, हे त्यांनी स्वतःच अनेकदा मोकळेपणाने सांगितलंय. मग पुढे १९८६ ला दोघांनी मिळून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तर सांगायचं काय, नोकरी सुटली तरी पगाराची गरज सुटत नाही, ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाते आणि बहुतेक वेळा बायकोच्या. तुमच्या पत्रात वहिनींचा पगार किती, त्यांना स्वतःला त्या पतसंस्थेत आणखी वीस वर्षं बसायचंय का, यावर एक अक्षर नाही. कदाचित त्यांनाही काहीतरी सोडावंसं वाटत असेल! विचारलंय का कधी?

थोडं व्यवहाराचंही बोलते. आईवडील तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये असणार. शेवटच्या दिवशी ते कव्हर जातं, आणि सत्तरीच्या माणसाला बाहेर नवीन पॉलिसी घ्यायची तर प्रीमियम ऐकूनच बीपी वाढतं, वर शुगर, बीपी असल्या आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जाता येतं का हे राजीनाम्याच्या आधी एचआरला विचारायचं असतं, नंतर नाही. मुलगी नववीत म्हणजे पुढची चार वर्षं क्लास, बारावी, अ‍ॅडमिशन. या सगळ्याचा महिन्याचा एक आकडा दोघांनी बसून काढा. तो आकडा कागदावर आला की निम्मी भांडणं मिटतात, कारण तोवर वहिनी 'सगळं जाणार' या भीतीशी भांडत असतात आणि तुम्ही 'मला कोणी समजूनच घेत नाही' याच्याशी.

आता मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? नोकरीबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि त्या स्कॉलरशिपच्या फॉर्मबद्दल जवळजवळ पानभर, मी कापलं बरंचसं. तुम्हाला अडकलेली सिस्टीम उलगडायला आवडते, फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचं माणूस हवंय. आणि हे काम गावाकडे ढिगाने पडलंय हो. तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात स्कॉलरशिपचं टेबल सांभाळणाऱ्या क्लार्कला भेटा, ते सांगतील फॉर्म का परत जातात. दाखल्यावरचं नाव वेगळं आधारवरचं वेगळं, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, ओटीपी बापाच्या नंबरवर जातो आणि बाप शेतात, किंवा नंबरचं रिचार्जच संपलेलं. मग पोरगी नेट कॅफेवाल्याला पैसे देऊन फॉर्म भरते, तो घाईत काहीतरी चुकवतो, फॉर्म परत येतो, मुदत संपते. हक्काचे पैसे असतात ते, आणि एखादीची होस्टेलची फी तेवढ्यावर अडलेली असते.

हे करायला राजीनामा लागत नाही. फॉर्मच्या सीझनमध्ये महिन्यातून एक शनिवार गावी जायचं, बाकी फोनवर. पण आधी विचारा. गावात जाऊन 'मी तुमच्यासाठी काय आणलंय' सांगणारे खूप येतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दाम्पत्याने दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारलं होतं, लोक म्हणाले मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाईकांना सोबत राहता यायला हवं, तर दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. तुमच्या गावाला कदाचित फॉर्म नकोच असतील, वेगळंच काही हवं असेल.

आणि एक सांगून ठेवते, हे कामही कंटाळवाणंच आहे. झेरॉक्स, सर्व्हर डाऊन, तोच ओटीपी पाचव्यांदा. ते चार गोल एकमेकांत अडकवलेलं, 'इकिगाई' या जपानी नावाने फिरणारं चित्र असतं ना, आवड, कमाई, जगाची गरज वगैरे, त्यात सर्व्हर डाऊनचा गोल कोणी काढत नाही. एक पूर्ण सीझन असा काढा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मला परत लिहा, मग राजीनाम्याचं बोलू. आणि ऑफिसात टीम बदलून मिळते का बघा आधी, पोटातल्या गोळ्यावर तो पण एक इलाज आहे.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, सांगलीत राहते. हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलगा-सून मेलबर्नला. पेन्शन पुरून उरते, पैशाची ददात नाही. सगळे म्हणतात भजनी मंडळात जा, ट्रीप कर. केलं ते. पण आपण कोणाला तरी लागतो ही भावना गेलीय. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हावं म्हणून चौकशीला गेले तर 'तुम्ही नको' म्हणाले. फार लागलं मनाला. एवढी का मी म्हातारी झाले?

उत्तर : बाई, वयाचा काही संबंध नाही, तुमचं शिक्षण आड आलं! बऱ्याच परीक्षांना लेखनिक हा परीक्षार्थ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणजे दहावीच्या मुलाला नववीतला वगैरे. नाहीतर तुमच्यासारख्या बाई पेपर लिहायला बसल्या तर निबंध कोणाचा म्हणायचा? ज्याने कोणी नकार दिला त्याने एवढं नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पण या कामात तुमची जागा वेगळीच आहे आणि ती लेखनिकापेक्षा मोठी आहे. दहावी-बारावीच्या दिवसांत लेखनिक मिळता मिळत नाहीत, आणि मिळतात त्या नववीच्या पोरांना हे काम कसं करायचं कोणी शिकवलेलं नसतं. सांगितलं तेच लिहायचं, स्वतःचं शहाणपण घालायचं नाही, उत्तर चुकतंय दिसलं तरी गप्प बसायचं, प्रश्न पुन्हा वाचून दाखवताना आवाजाने उत्तर सुचवायचं नाही, आकृतीचा प्रश्न शब्दांत कसा सांगायचा. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात ती कशी वापरायची हेसुद्धा मुलांना माहीत नसतं. तुमच्या जुन्या शाळेतली आठ-दहा नववीची मुलं दिवाळीनंतर घरी बोलवा आणि सराव घ्या. मुलं तयार झाली की ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याचकडे जाऊन सांगा, माझ्याकडे लेखनिक आहेत, हवेत का?

दुसरं, पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं. मोबाईलवर होतं. पंखा बंद करायचा, कुकरच्या वेळेला बसायचं नाही, आणि नुसता चित्राखालचा मजकूर न वाचता चित्रात काय आहे तेही सांगायचं. कवितेला तुमचा आवाज लागेलच, भूगोलाचे तक्ते वाचताना घाम फुटेल बघा. कुठल्या पुस्तकाची गरज आहे हे जवळच्या अंध शाळेत विचारून मगच सुरू करा, एकच पुस्तक चौघांनी वाचलेलं असतं आणि जे लागतं ते कोणीच नाही. भजनी मंडळ सोडू नका मात्र, तिथल्याही एक-दोघी येतील सोबत.

प्रश्न : वय २५, अमरावती. बीई झालंय, एमपीएससीचं चौथं वर्ष, पुण्यात राहतो, घरून महिन्याला पैसे येतात. मला पैशाचा मोह अजिबात नाही, फक्त लोकांची सेवा करायची म्हणून अधिकारी व्हायचंय. दोनदा मेन्समध्ये राहिलो. नाहीच झालो तर माझ्या आयुष्याला अर्थ काय?

उत्तर : आधी एक सांग, 'अर्थ काय' हे रात्री अभ्यासाच्या टेबलवर आलेलं वैतागाचं वाक्य आहे की जीवच नकोसा वाटतोय? दुसरं असेल तर आजच कोणाशी तरी बोल. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पहिलं असेल तर आता थोडं रागावते. तुला पैशाचा मोह नाही म्हणतोस, पण चार वर्षं कोणाच्या तरी पैशावरच राहतोयस ना? पोस्ट हवी असेल तर तसं म्हण, गाडी हवी, मान हवा, गावात फ्लेक्स लागावा, यात काही पाप नाही, पण त्याला सेवा म्हणू नकोस. आणि सेवाच हवी असेल तर बीई झालेल्या पोराला त्यासाठी कट-ऑफ लागत नाही. पाणी, रस्ते, सोलर पंप, शाळेची लॅब, निवड कर.

तुझ्यासारख्याच प्रश्नाची मुलं जमतात ती जागा म्हणजे 'निर्माण'. वर ज्यांचं नाव आलं त्या बंग दाम्पत्याने २००६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम विशीतल्या मुलांसाठी आहे, गडचिरोलीजवळ शोधग्रामला शिबिरं होतात. अर्ज, मुलाखत सगळं असतं. तिथे जाऊन साक्षात्कार होईल असं मी म्हणत नाही, पण अभ्यासिकेच्या बाहेरची, वेगळा विचार करणारी पोरं भेटतील, ज्याची तुला फार गरज आहे असं पत्रावरून दिसतं.

शेवटचा अटेम्प्ट कधीचा ते आत्ता ठरव आणि ती तारीख वडिलांना फोन करून सांग. मेसेज नको, फोन. आणि तोपर्यंत अर्धवेळ काहीतरी कमव, निदान मेसचे पैसे तरी स्वतःचे असू देत.