विंडोज नव्याने टाकताना फक्त सी ड्राइव्ह उडवली तर डीवरच्या फाइल्स राहतात ना? मग बॅकअप कशाला?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटचा कॉम्प्युटर, त्यात हिशेबाचं टॅली, जकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन्स, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमधली पत्रं, घरचे फोटो, आणि मेकॅनिक म्हणतोय, "डीला हात लावत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्यावर विसंबू नका. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तर सी-डी अशी अक्षरं दिसतच नाहीत. दिसतात ते पार्टिशनचे नंबर आणि साइज. दोन पार्टिशन सारख्याच साइजची असली की चुकीच्या ओळीवर डिलीट दाबायला कितीसा वेळ लागतो? शिवाय डिस्कच म्हातारी झाल्यामुळे कॉम्प्युटर रखडत असेल, तर सीबरोबर डीही जाणार. म्हणून कॉपी बाहेरच्या डिस्कवरच घ्या, आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

आता काय काय घ्यायचं. सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि नेमकी कामाची एक्सेल तिथेच पडलेली असते. फाइलवर ढगाचं चिन्ह असेल तर ती वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात आहे, डिस्कवर नाही. आधी राइट क्लिक करून ती कायम डिस्कवर ठेवायचा पर्याय निवडा, मग कॉपी करा. क्रोममधले पासवर्ड गूगल अकाउंटला सिंक आहेत का तेही पाहा. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड कुठेच लिहून ठेवलेला नाही, हे अनेकांना फॉर्मॅटनंतर कळतं.

टॅलीचं सगळ्यात नीट करा. टॅलीप्राइम असेल तर ऑल्ट-वाय दाबा, डेटा मेनूतून बॅकअप घ्या, सगळ्या कंपन्या निवडा, मागच्या वर्षांच्या वेगळ्या केलेल्या असतील त्याही. कंपनी अल्टरमध्ये डेटाचा पाथ, म्हणजे तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते दिसतं. टॅली पूर्ण बंद करून त्या पाथवरचं डेटा फोल्डरही वेगळं कॉपी करा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतील, तीच तुमच्या कंपन्या. फॉर्मॅटआधी लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या कॉम्प्युटरवरून ते मोकळं करा. त्याला टॅलीचा नोंदवलेला ईमेल आणि पासवर्ड लागतो, आणि तो ईमेल पुष्कळदा डीलरचा किंवा अकाउंटंटचा निघतो. म्हणून हा फोन आदल्या दिवशीच करा.

जकार्डचं म्हणाल तर मशीनला देतो ती फाइल आणि सॉफ्टवेअरमधली मूळ रंगीत डिझाइन, दोन्ही घ्या. मशीनच्या फाइलमध्ये कुठला हूक (धागे उचलणारा आकडा) उचलायचा एवढंच असतं. त्यावरून उद्या रंग बदलायचा म्हटलं तर सगळं पहिल्यापासून काढावं लागेल. श्रीलिपीच्या पत्रांसाठी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्ट घ्या. नाहीतर पत्र उघडेल, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी छोटी यूएसबी चावी) आणि त्याच्या सेटअपची फाइल विसरू नका.

बाहेरची डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणार नाही. लग्नाचा व्हिडिओ इथेच अडकतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. यूएसबी २ च्या पोर्टला १०० जीबीला तासभर धरा, निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला साधी हार्ड डिस्क वीसेक मिनिटांत उरकते. हजारो छोटे फोटो असले तर दोन्हीकडे जास्त. कॉम्प्युटर यूपीएसवर नसेल तर लाइट जाण्याची वेळ टाळा, आणि डिस्क 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका. मध्येच नाव फार लांब असल्याचा मेसेज आला तर आंधळेपणाने 'स्किप' दाबू नका, ती फाइल मागेच राहते. त्या फोल्डरचं नाव छोटं करा आणि पुन्हा कॉपी करा.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळवा. मग डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फोटो, एक डिझाइन, एक पत्र उघडा. टॅलीचा बॅकअप तिथे रिकाम्या नव्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर दिसतं का बघा. चालू डेटाच्या फोल्डरवर रिस्टोअर कराल तर तिथली कंपनी पुसली जाऊ शकते.

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असतं. डी लॉक असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की जवळ नसेल, तर नवं विंडोज टाकल्यावर मेकॅनिकने हात न लावलेली डीसुद्धा उघडणार नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर उतरवा. लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर विंडोज येईल आणि नेट येणार नाही.