मामाचा आजार, मामाची मुलगी

प्रश्न : मामाची नजर ऐन पंचविशीत गेली, आता धाकट्या भावाचीही. तपासणीत लेबरचा आजार (डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक विकार), डीएनएतला ११७७८ क्रमांकाचा बदल निघाला. घरात एक बहीणही आहे. माझं लग्न मामाच्याच मुलीशी ठरतंय. पोरांना धोका आहे का? — एक द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर : या आजाराचा नाही. हा दोष मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतल्या, डीएनएत असतो आणि तो आईकडूनच येतो. मामाला तो तुमच्या आजीकडून मिळाला, पण त्याच्या मुलीला मायटोकाँड्रिया मामीकडून मिळाला. तुमच्या पोरांना तिच्याकडून मिळेल. मामी आजीच्या मातृवंशातली नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या. नात्यातल्या लग्नाचे इतर आनुवंशिक धोके उरतातच. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

मला काळजी तुमच्या बहिणीची आहे, जिच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे. हा दोष तिच्यातही असणार आणि तिच्या सर्व मुला-मुलींत उतरेल. अर्थात, दोष असलेल्या सगळ्यांचीच नजर जात नाही. मुलींपेक्षा मुलग्यांची जास्त जाते.

आणि तुम्ही? दोष तुमच्यातही आहे. तेव्हा तंबाखूची पुडी आजच फेका, दारूही नको. तंबाखूच्या धुरानं धोका वाढतो. (बागेत फवारणीला मास्क लावता का, तेही कळवा.)